वाकडा दात

बोरामणीचा दगड भुईमुगाच्या रानात सापडला,
मंद्रूपचा पत्रा फोडून थेट कडब्यावर,
वैरागचा कुणाच्या तरी आज्यानं उचलून आणलेला,
चाळीस वर्षं लोणच्याच्या बरणीवर बसून होता.
तिघांचं कूळ एक, असं यंत्र म्हणालं.

मी यंत्रावर विश्वास ठेवते, पगारच त्याचा घेते.
तरी पातळ काप घासून भिंगाखाली धरला
तेव्हा आठवले नायना,
राजेशम यन्नम, माग नंबर अकरा.
बाजारात चादर उलटी करून कडेवरून अंगठा फिरवायचे,
ही साखर पेठेतली, म्हणायचे,
ही भद्रावती पेठेतली, हिच्या मागाच्या फणीचा
डावीकडून तिसरा दात वाकडा आहे.
विकणारा हसायचा. मग गप्प व्हायचा.

दगडातही असतो तसा दात.
ज्वारीच्या कण्यांएवढे गोल दाणे,
त्यांच्यामधून पळालेल्या काळ्या शिरा,
ऑक्सिजनचं तेच माप,
आणि आर्गॉनचं घड्याळ
तिघांचंही एकाच वेळी शून्यावर आलेलं.
सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वी,
मंगळ आणि गुरूच्या मधे कुठंतरी,
एक अख्खं घर फुटलं.

मग जो तो आपापल्या वाटेनं.
वैरागचा पोचला तेव्हा मंद्रूपचा
अजून वरच फिरत होता.
आमचेही काही सिरसिल्ल्यात राहिले, काही भिवंडीला गेले.
आडनाव तेच, पण लग्नात भेटले
की कुणीतरी ओळख करून द्यावी लागते.
हे मी अहवालात लिहिलं नाही.

चौथा दगड कुंभारीचा.
शेंदूर लावलेला, लाल फडक्यात,
जड, काळा, एका अंगानं काचेसारखा.
रात्री उजेड पडला होता बघा, शिवलिंगप्पा म्हणाले.
यंत्र म्हणालं, नातं नाही. कुणाशीच नाही.
परत द्यायचा म्हणून पिशवीत घालून घरी आणला.

नायनांना आता दिसत नाही.
काय आणलंस, म्हणाले, आणि फडकं सोडून
अंगठा फिरवला.
पुन्हा एकदा, उलटा.

"बॉयलर," म्हणाले. "आपल्या मिलचा.
कोळसा हलका आला की राख अशी गोठायची.
टोपल्याच्या टोपल्या कुंभारीच्या वाटेला ओतायचो."

बराच वेळ तो मांडीवर घेऊन बसले.
मग म्हणाले, चहा टाक.

शिवलिंगप्पांना काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.