मागील

बसऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या उजव्या काठी
जागेचं नावच मागील.
अरब ते घशातून म्हणतात, साहेब नाकातून,
आम्ही आपलं सरळ, जसं वाचावं तसं.
पलटणीतला एकजण धक्क्यावर पाय ठेवता ठेवता बोलला,
“ह्ये मागील, तर मग पुढील कुठं हाय?”
कुणीतरी बोट दाखवलं, प्रवाहाच्या उलट,
आणि फळीवरची सगळी रांग हसली.

आमचं जहाज म्हणजे जहाज नव्हे.
शीड नाही, इंजिन नाही,
सपाट बुडाची लोखंडी पेटी, तिच्यावर फळ्यांचे दोन मजले,
वर पत्रा. दुपारी तो असा तापायचा
की खालच्या माणसाला वाटावं, आपण तव्याखाली आहोत की तव्यावर.
मी बाणकोटचा तांडेल, जैनुद्दीन.
हाताला सुकाणू मागितलं तर म्हणाले, इथे सुकाणू नसतं,
आणि तीनशे कांबळी मोजून दिली.

समुद्रातून आलेली माणसं इथे दोन राती निजायची.
तिसऱ्या पहाटे छोट्या होड्या लागायच्या,
बंदुका वर धरून माणसं उतरायची,
आणि फळ्यांवर त्यांचा ऊबदारपणा
न्याहारीपर्यंत राहायचा.
मी हात लावून पाहिलाय. सवयच लागली होती.

एक्केचाळीस नंबरवर खेमाजी शेडगे, खटावकडचा.
त्याने भरती कधी पाहिली नव्हती.
संध्याकाळी पाणी वर चढू लागलं,
खजुरीच्या बागांतल्या पाटांतून उलटं शिरू लागलं,
तशी त्याने मला हाक मारली, “तांडेल, बघा की,
नदी माघारी निघाली!”
मी म्हटलं, दिवसातून दोनदा निघते, बाबा,
आमच्या खाडीलाही हीच खोड.
त्याने बोटांवर हिशोब केला, बराच वेळ.
“मंजी वर ग्येलेलं दोन येळा खाली येतं.”
मी म्हटलं, पाणी येतं.
त्याने फक्त पहिला शब्द ऐकला असावा.

जाताना पितळी वाटी माझ्याकडे ठेवून गेला,
“वर दगडानं चेचंल,” म्हणून.
वाटीच्या बुडाला नाव नव्हतं, नुसता एक ओरखडा.

मग ओहोटीबरोबर येऊ लागलं:
रिकामे डबे, एक फुगलेलं खेचर,
पगडीचं लांबलचक कापड, सुटून, सापासारखं,
एक दार, बिजागऱ्यांसकट.
इस्पितळाच्या होड्या रात्रीच्या यायच्या,
कंदील झाकून. त्या आमच्या कुशीला लागत नसत.
वास मात्र लागायचा.

लोबो बाबू महिनाअखेर चोपडी घेऊन आला.
गेली तीनशे, आली दोनशे एकोणचाळीस.
“एकसष्ट कुठे?”
मी म्हटलं, बाबू, थंडी होती वर.
जमिनीतही होती. माणूस तसाच कसा ठेवायचा?
तो वाईट नव्हता. त्याने टाक दौतीत बुडवला,
बराच वेळ तसाच धरला, एक थेंब गळू दिला,
आणि एकसष्ट कांबळ्यांचे पैसे
माझ्या पगारात वळते केले.
हप्त्याने. सोयीने.
नव्या पानाच्या डोक्यावर वळणदार अक्षरात लिहिलं,
मागील पानावरून पुढे.
आणि वाळूची चिमूट टाकून फुंकर मारली.

त्याच संध्याकाळी नवी तीनशे आली,
पंजाबी होते बहुतेक, उंच, फळ्यांना पाय न मावणारे.
एक्केचाळीसवर कोणी पोरगा पडला, बूट न काढता.
मी त्याला उठवलं नाही.
पाणी त्या वेळी कुठेच जात नव्हतं,
ना भरती ना ओहोटी, ती मधली घटका,
दोर ढिले, पेटी जागच्या जागी.
वाटीत मी मसूर वाढून घेतली आणि खाल्ली.
दुसरी वाटी नव्हती माझ्याकडे.