कारण लिहा

ऑफिसात तीन रबरी शिक्के आहेत,
बिस्किटांच्या डब्यात, एकावर एक.
नाव तेच, प्रभाग तोच, पत्ता तोच, कोपरखैरणे.
कडेचं चिन्ह तेवढं वेगळं.
चौथा बनवायला टाकलाय.
घाईत जुना उचलला जाऊ नये म्हणून
त्याच्या मुठीला बांधायला मी लाल दोरा आणून ठेवलाय.

अकरा वर्षं मी हिराजीशेठची पत्रं लिहिते.
रहिवासी दाखला, शाळेची शिफारस,
गटाराचं झाकण, मयताला श्रद्धांजली,
आणि राजीनामे.
पहिल्या वेळी म्हणाले, कारण लिव.
काय लिहू?
तुला मराठी चांगला येते, बाय, तूच बघ.

मी 'घुसमट' लिहिलं.
घु ऱ्हस्व की दीर्घ, ते दोनदा तपासलं.
कुणाची, कशानं, ते नाही तपासलं.
संध्याकाळी टीव्हीवर त्यांनी तो शब्द असा उच्चारला
की मीच उठून खिडकी उघडली.

दुसऱ्या वेळी 'कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव'.
तेव्हा ऑफिसात कार्यकर्ते म्हणजे
मी, ड्रायव्हर निळकंठ आणि चहा आणणारा इरफान.
इरफान म्हणाला, मी कधी आग्रह केला?
निळकंठ म्हणाला, गप रे, साखर कमी पडलीय.

तिसऱ्या वेळी रात्री साडेदहाला आले.
चप्पल बाहेर काढली. एरवी काढत नाहीत.
टेबलावर एक कागद पालथा ठेवला.
पालिकेचा गोल शिक्का मागून निळा उमटला होता,
आणि उलट्या अक्षरांतही मला वाचता आलं:
चौथा मजला.

भिंतीवर त्यांच्या वडलांचा फोटो आहे, हार घातलेला.
भातखाचरं सिडकोला गेली तेव्हा
भर उन्हात रस्त्यावर मांडी घालून बसलेला माणूस.
आमी हलणार नाय, असं म्हणाला होता म्हणतात.
शेठ त्या भिंतीला पाठ करून बसले.

"मी काय एकटा नाय जात," म्हणाले.
"एकटा गेला तं पक्षांतर. नऊ जण गेले तं गट."
मग बराच वेळ नुसता पंखा.
"लिव, बाय. विकास लिव."

मला म्हणता आलं असतं,
शेठ, या वेळी तुम्हीच लिहा.
पण माझा मुलगा पालिकेत ठेक्यावर आहे,
पाण्याची मीटरं वाचतो.
दर अकरा महिन्यांनी त्याचं पत्र नव्यानं निघतं,
आणि कुणाच्या फोनवर निघतं ते मला माहीत आहे.
मी लिहिलं, प्रभागाच्या सर्वांगीण विकासासाठी.
अक्षर सुरेख आलं.
'सर्वांगीण' मला नेहमीच छान जमतं.

वाशीच्या सभागृहात माझ्याही गळ्यात उपरणं पडलं.
नव्या साहेबांनी विचारलं, या कोण?
आमच्या जुन्या कार्यकर्त्या, शेठ म्हणाले.
फोटोत मी तिसऱ्या ओळीत आहे,
डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाई आल्या,
गॅसच्या जोडणीसाठी पत्र हवं होतं.
जुनी लेटरहेडं रद्दीत, नवी छापखान्यात,
शेठ देवदर्शनाला.
मी कोरा कागद घेतला.
सदर महिला बावीस वर्षं या प्रभागात राहतात,
मी त्यांना व्यक्तिशः ओळखते.
'ओळखतो' लिहायचं असतं तिथं.
खोडलं नाही. खाली माझीच सही केली.
चाललं ते. एजन्सीत कुणी काही विचारलं नाही.

निघताना पायरीवर थांबल्या जयवंताबाई.
शेठ आता कुठल्या पक्षात गं?
मी सांगितलं.
बरं, म्हणाल्या. आणि पाणी सहालाच ना?
मी मुलाला फोन लावून विचारलं.
हो म्हणाला, सहालाच.