उणे एक

विश्रामबागच्या शाखेत भोकरे मॅडमनी
स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही,
नुसतं म्हणाल्या, सहाशे त्र्याऐंशी.
मी मिरजेत दिवसभर लोकांच्या फासळ्या बघते,
श्वास घ्या, धरा, सोडा.
माझ्या आतलं असं कुणी मोजलेलं
पहिल्यांदाच ऐकलं.

एकोणीस सालच्या ऑगस्टचा एक हप्ता चुकलाय.
फोनचा. अठराशे नव्व्याण्णव.
तेव्हा आम्ही शाळेच्या वर्गात झोपत होतो मॅडम,
बाकं भिंतीला लावून.
फोन पिशवीत, पिशवी डब्यात,
डबा आईच्या उशाशी.
वाचवला होता तो. हप्ता तेवढा राहिला.
त्यांनी मान हलवली.
फॉर्मात मान हलवण्याचा रकाना नसतो.

घर म्हणजे काय, पाचशे साठ चौरस फूट,
शामरावनगर, दुसरा मजला,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुणाचं तरी शेवग्याचं झाड.
साडेएकोणीस लाख.
स्वस्त का, ते सांगलीत कुणी विचारत नाही.
साइटवरचा पोरगा पार्किंगमध्ये बोलताना
एका खांबाला पाठ लावूनच उभा होता.
व्हॅल्युएशनवाले आवटी त्याला म्हणाले, सरक जरा.
टेप लावली. चार फूट दोन इंच.
तुम्ही वर आहात हो, काळजी नाही,
पण रेषा निळी की लाल, तेवढा दाखला आणा.
मी गाडी कुठं लावू, हे विचारायचं राहून गेलं.

मग हिशेब.
पगार चोवीस सहाशे, त्यातला अर्धाच धरायचा,
त्यातून स्कूटरचे अठ्ठावीसशे चाळीस गेले.
स्लिपवर दवाखान्याचं नाव नाही, पुण्याच्या एजन्सीचं आहे,
दर अकरा महिन्यांनी मी नव्यानं नोकरीला लागते,
त्याच खुर्चीत, तोच शिशाचा एप्रन घालून.
कॅल्क्युलेटरवर त्यांची नखं वाजली.
दहा साठ बसतंय.
तीस वर्षं केली तर जरा वाढेल.
तीस वर्षांनी मी छप्पन्न.
आज बाबा जेवढे आहेत तेवढी.

को-अ‍ॅप्लिकंट कोण?

सुकुमार बाळगोंडा मगदूम, स्कूल व्हॅन चालवतात.
दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले,
व्हॅन बाहेर, मागच्या सीटवर कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली.
बसायच्या आधीच सांगून टाकलं,
मॅडम, आयुष्यात कुणाचा एक रुपया अंगावर ठेवला नाही.
लग्न नाही, आजारपण नाही, व्हॅनसुद्धा रोखीनं,
जुनी घेतली पण रोखीनं.
हे वाक्य त्यांनी आमच्या सोयरिकींत वापरलंय,
भावकीच्या भांडणात वापरलंय,
प्रत्येक वेळी चाललंय.

मॅडमनी पॅन नंबर टाकला.
उणे एक.

म्हणजे नापास?
नाही काका. नापासला आकडा असतो.
तुमची नोंदच नाही.
तुम्ही दिसत नाही आम्हाला.

बाबा दिसत नाहीत हे ऐकताना
मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.
ते टेबलाची कड पुसत होते, रुमालानं,
जणू आपलाच काहीतरी डाग पडलाय.

परत येताना शंभरफुटीला सिग्नल लागला.
बाबा काही बोलले नाहीत, मीही नाही.
माझी फाइल 'प्रक्रियेत आहे'.
श्वास घ्या. धरा.
पुढचा शब्द मीच रोज म्हणते,
इथं तो म्हणणारं माणूस बदली होऊन गेलंय की काय.

आणि काल संध्याकाळी
बाबा एक खोकं काखेत धरून जिना चढले.
मिक्सर. तीन भांड्यांचा.
घरात मिक्सर आहे, आई म्हणाली, चांगला चालतोय.
असू दे.
त्यांनी कागद उलगडला, चष्मा लावला,
नऊ हप्ते, पाचशे चाळीस,
आणि छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा
कुणाचेतरी पैसे देणं लागणाऱ्या माणसासारखे
पंख्याखाली बसून राहिले.

सहा महिने लागतात म्हणं, दिसायला.
कागद त्यांनी पीयूसीच्या पाकिटात ठेवला,
व्हॅनमध्ये, समोरच,
कुणी अडवलंच तर दाखवता येईल असा.
मिक्सर अजून खोक्यातच आहे.
आई त्याच्यावर भाजीची पाटी ठेवते.