तार

थ्रॉटलच्या खाचेत आडवी तांब्याची तार,
केसाहून जरा जाड.
रोज पहाटे मीच बांधायचे,
हातमोजे काढून, भेगाळल्या बोटांनी.
ब्रोनेक म्हणायचा, "इनिड, जरा सैल बांध."

तार तुटली की पाच मिनिटं मिळत,
पाच मिनिटांची उसनी ताकद.
परतल्यावर झडती इंजिनाची:
तेलात चुरा आहे का, प्लग जळलेत का,
मग वहीत माझी सही.
तोवर वैमानिक मान खाली घालून उभा,
काच फोडलेल्या पोरासारखा.

त्या मंगळवारी विमान उतरलं.
उतरवलं त्यानंच.
पंखात भोकं, सीट ओली,
तार शाबूत.
किती घट्ट बांधली होती मी?

पणतू रोरी आता पडद्यावर उडतो.
लाल बटण दाबतो, दाबूनच ठेवतो.
सहाव्या मिनिटाला धूर, मग ज्वाळा.
"काही होत नाही गं, परत सुरू करायचं."

कर, मी म्हणते.
टेबलाखाली माझा अंगठा
तर्जनीवर उलटा फिरतो आहे,
पीळ सोडवत.