सप्रेम भेट

समोरचे दोन दात
धरणगावच्या वरातीत सैल झाले,
तिसरा एरंडोलच्या हळदीत पडला.
रुमालात बांधला
आणि उरलेलं गाणं ओठांच्या कडेनं वाजवून दिलं.
नवरदेवाच्या मामाने तरी वीस रुपये ओवाळले.
त्याला कळलं नाही. उखाला कळलं.
माझ्याकडे न बघता
त्याने ढोल जरा मोठा केला,
माझी फट झाकायला.

कवळी जळगावला बसवली.
कवळीने भाकरी तुटते,
क्लॅरिनेटची पत्ती धरवत नाही.
सूर मागच्या मागे निघून जातो,
उघड्या दारातून शेळी जावी तसा.

बायको म्हणाली, "तोंड गयं, हात शेतस ना?"
भाच्याच्या ओळखीने
पारोळ्याच्या पेठेत, विसपुते मेटलच्या ओट्यावर
एक मशीन मिळालं,
पेनाएवढं, वायरचं,
भांड्यांवर नावं टाकायचं.

पहिल्या दिवशी बटण दाबलं
आणि मशीन बोललं : काळी चार.
किंचित उतरलेली, पण काळी चारच.
शेठ म्हणाले, "हिलाल, हसतोस का?"
काय सांगणार.
चाळीस वर्षं ज्या सुरात उभा राहिलो
तो माझ्या मुठीत, विजेवर,
श्वास न घेता वाजत होता.

बेसूर झालं तर वारा नेतो,
उखा झाकतो, पोरं नाचतच राहतात.
इथे पहिल्याच हंड्यावर
मी चौधरींचं चौघरी केलं.
तो हंडा कुणाच्या तरी घडवंचीवर
अजून माझी चूक भरून
थंड पाणी देत असेल.

मग शिकलो.
तांबं दाबू देतं, पितळ ऐकून घेतं,
स्टील निसटतं, बँडमध्ये नव्याने आलेल्या पोरासारखं.
वाटी वरच्या पट्टीत किणकिणते, परात खर्जात,
अक्षर कुठे वळवायचं ते मी कानाने ठरवतो.
'शुभाशीर्वाद'च्या रफारापाशी हात उचलतो,
लांब सुराआधी
छाती भरून घ्यायचो तसा.

क्लॅरिनेट म्हणजे तरी काय, भोकं पाडलेलं लाकूड.
तेव्हा बोटांनी भोकं झाकायचो,
आता बोटांनी ठिपके पाडतो.
लोक म्हणतात, हिलालने धंदा बदलला.
बदलला का,
मला अजून नक्की माहीत नाही.

लग्नसराईत एकाच नावाची एक्कावन्न ताटं.
मधेच डोकं भादरलेला एक मुलगा येतो,
तेरा तांबे घेऊन :
'कै. मंजुळाबाई दौलत बडगुजर यांच्या स्मरणार्थ.'
बहादरपूरच्या लग्नांत एक बाई
बँडच्या पुढ्यात येऊन उभी राहायची,
एकच गाणं तीन-तीनदा वाजवून घ्यायची,
पैसे द्यायची नाही,
ओंजळभर भाजलेल्या शेंगा द्यायची.
तीच असेल. नसेलही.
तेराव्या तांब्यावर, नावाखाली,
मी ते गाणं टाकलं :
सात ठिपके चढते, चार उतरते,
मग एक लांब ओढ, काठापर्यंत.
शेठ म्हणाले, "ही कुठली वेलबुट्टी?"
म्हटलं, जुनी आहे.
मुलाने नखाने चाचपून पाहिलं.
"याचे वेगळे पैसे?"
नाही, बाबा.

काल वरात दुकानावरून गेली.
माझ्या जागी नवा पोरगा होता.
बरा वाजवतो. घाई करतो.
उखाने मला पाहिलं
आणि टिपरू असं हाणलं
की फळीवरची सगळी ताटं थरथरली,
नाव टाकलेली आणि कोरी.
मशीन चालूच होतं,
मी कुणाच्या तरी 'सौ.'ची मात्रा देत होतो.
ती हलली.

तशीच ठेवली.