बिलेडर

समुद्रपुरात समुद्र नाही
तसाच आपल्या कॉलेजात फुटबॉल नाही,
म्हणते शालिक न्हावी.
गिऱ्हाइकाच्या गालाले साबण लावता लावता म्हणते,
जरा मोठ्यानं,
म्हणजे रस्त्याच्या इकडं मले आयकू यावं.

माही टपरी ग्राउंडच्या फाटकाले लागून.
सायकलचं पंक्चर पाच रुपये,
फुटबॉलचं काहीच नाही.
पहिल्या वर्षी गाठे सरांनं पावती मागतली होती.
मी म्हटलं, सर, पावतीबुकच नाही माह्यापाशी.
तवापासून हे असंच सुरू आहे.
चौदा वर्षं झाले.

चौदा वर्षांत आमी किती मॅची जितलो
हे मोजाले एका हाताची बोटं पुरतात.
तो हात माह्या मोठ्या बापाचा असला,
कडबा कटरमंधी दोन बोटं गेलेला,
तरी पुरतात.

कबड्डीले गर्दी राहते, पोट्टे कडूनिंबावर चढून पाहतात.
आमच्या मॅचले मी, गाठे सर,
नितेश कुमऱ्याची लहान बहीण, ते त्याच्या चपला सांभाळते,
अन् बुधवारच्या बाजारातून मागं राहिलेली एखादी बकरी,
ते कॉर्नरचं झंडं खाते.

मले ऑफसाइड अजून समजलं नाही.
पण फिरोज डाव्या पायानं मारणार असला
त आंधी जीभ बाहेर काढते, हे मले समजते.
धुर्वे हारल्यावर बूट काढत नाही,
तसाच चिखलाचा सहा किलोमीटर सायकल मारते,
हे समजते.

त्या दिवशी पुलगाववाले मॅटाडोर करून आले होते.
साऱ्यायचे मोजे एका रंगाचे.
हाफटाइमलेच तीन झाले होते आमच्यावर,
ते संत्र्याच्या फोडी चोखत बसले,
आमचे पोट्टे हापशीवर.
मंग कवातरी, उन्हं उतरल्यावर,
फिरोजनं जीभ काढली.

बॉल गोलकीच्या डोस्क्यावरून गेला.
एक टप्पा. दुसरा टप्पा.
तिसऱ्यातून उठलाच नाही.
फुस्स.
चुन्याच्या लायनीवर बसला, ना इकडं ना तिकडं,
वल्ल्या भाकरीसारखा.

मी दुरूनच वळखलं.
बाभळीचा काटा नव्हता तो. पॅच होतं.
सोमवारी लावलेलं, माह्याच हातचं.
चक्की बंद होते, दळण आणा, असा घरून निरोप आला होता,
अन् मी कानस दोनदाच फिरवली होती रबरावर.

दुसरा बॉल नव्हता.
बावीस जण अन् रेफ्री माह्या टपरीपुढं.
मी वादी सोडली, बिलेडर काढलं,
घमेल्यात बुडवलं,
बुडबुडे आले तिथं बोट ठेवलं.
पुलगावचा गोलकी वाकून पाहत होता,
लहान पोरगं सायकलवाल्यापाशी उभं राहते तसा.
फिरोज काही बोलेना.
मी मनात म्हटलं, शिवी दे बापा, एक तरी दे,
म्हणजे माहा हात थरथरणं थांबन.
त म्हणते कसा,
काका, वाळू द्या बराबर. घाई नोका करू.

पाच-शून्य हारलो.
शालिकनं रात्री दुकान बंद करता करता इकडं पाह्यलं,
काहीच म्हटलं नाही.
तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीची फळी उघडाच्या आंधी
धुर्वे उभा, बगलेत बॉल.
म्हणे, काका, हवा कमी वाटते.
मी आंगठ्यानं दाबून पाह्यलं.
दगडासारखा टणक होता.
तरी दोन पंप मारले.
तो बी थांबला तेवढा वेळ.

शनवारी हिंगणघाटले मॅच आहे. टपरी बंद राहीन.
थैली आजच भरून ठेवली:
सोल्यूशन, कात्री, वादी, जुन्या ट्यूबीचे तुकडे.
कानस सगळ्यात आंधी टाकली.