उसण

मी इथली आया. कंत्राटावर, सहा वर्षं झाली.
जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात फरशी पुसते,
बेडपॅन उचलते,
आणि नव्या डॉक्टरला पेशंटचं बोलणं समजेना झालं की
फडकं खांद्यावर टाकून मधे उभी राहते.
ह्या कामाचा पगार नाही.

डॉक्टर पोरगाच आहे. गंगेकाठचा म्हणतो,
आपल्या नाही, त्या दुसऱ्या गंगेच्या.
बाँडचं वर्ष भरतोय. वाईट नाही.
रात्रपाळीला स्वतः चहा करतो, मलाही देतो.
एक बाई म्हणाली, "सायेब, कळ येतीय,"
तर मला विचारतो, "कल आएगी? तो आज क्यों आई?"
आम्ही दोघं हसलो होतो.
बाई हसली नव्हती.

कसं सांगायचं त्याला,
ठणका वेगळा, कळ वेगळी,
ठसठस फोडाची, चमक कंबरेतली,
तळपायाची भगभग,
आणि कालवाकालव, ती होते पोटात
पण दर वेळी पोटाची नसते.
हिंदीत मला एकच येतो, दर्द.
सगळ्यांची मोट त्यातच बांधून पुढं ढकलते.
ओपीडीत दीडशे माणूस असतं.

वैशाखात धुरपताबाई आली,
येलदरी रोडच्या वीटभट्टीवरची.
अर्धी हजेरी मोडून, काळीपिवळीत लोंबकळत.
खिडकीवर आधार कार्ड मागितलं,
ते मुकादमाच्या पेटीत, उचलीपोटी.
माझ्या ओळखीनं केसपेपर निघाला.
पदर घामानं ओला.
वैशाख आहे, घाम कुणाला येत नाही?
म्हणाली, "पाठीत उसन भरली माय,
आन् जीव घाबरा व्हायलाय."

मी सांगितलं, पीठ में दर्द.
मी सांगितलं, घबराहट.

त्यानं मान डोलावली.
विटा उचलते, पाठ दुखणारच.
घबराहट म्हणजे घरची काळजी असेल काही.
एक मलम. पाच पिवळ्या गोळ्या. झोपेची अर्धी.
पट्टी काढायचं मशीन शेजारच्या खोलीतच होतं,
आणि त्या दिवशी कागदाचा रोलही होता.
जाताना तिनं मलम मला दाखवलं,
"हे जेवनाआदी का नंतर?"

तिसऱ्या दिवशी तिचा पोरगा मलम परत घेऊन आला.
झाकण उघडलेलं नाही, म्हणाला,
दुसऱ्या कुणाला होईल.

त्या रात्री चहा झाला नाही.
डॉक्टरनं विचारलं, ती नेमकं काय म्हणाली होती?
मी पुन्हा सांगितलं, मराठीतच,
तिच्या तोंडचं तिच्या चालीत,
आणि तिनं जिथं हात ठेवला होता तिथं हात ठेवून.
डावा खांदा, मागून,
मग दंडावरून खाली.
तो हात मी बघितला होता.
हातसुद्धा सांगायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आता एक वही आहे. टेबलाच्या ड्रॉवरमधे, कुलूप नाही.
मी बोलते, माझी नववीतली लेक लिहिते,
डॉक्टर तिच्याकडून वाचून घेतो.
उसण : कुठं भरली विचारा. घाम बघा. पट्टी काढा.
जीव घाबरा होणे : मन नव्हे. जीव.
मुंग्या : एका बाजूला की दोन्ही?
कळ : आजच.

श्रावणात त्याचं वर्ष संपतं.
पुढचा कुठल्या नदीचा येईल कोण जाणे.

आज तांड्यावरून एक म्हातारी आली,
नुसती गोरमाटी बोलते, सोबत कुणी नाही.
तिनं एक शब्द तीनदा सांगितला.
मला कळला नाही. वहीत नव्हता.
डॉक्टर माझ्याकडं बघत होता, मी तिच्याकडं.
मग फडकं खाली ठेवलं,
तिचा हात हातात घेतला,
म्हटलं, ठेव माय,
कुठं ते ठेव.